चार्ज न देता: पत्नीच्या अचानक मृत्यूनंतरचे अठरा महिने

कारखान्यातून माणूस बदली होऊन जातो तेव्हा आठवडाभर चार्ज देतो. कुठलं मशीन कधी अडतं, कपाटाची किल्ली कुणाकडे, कुणाचं किती येणं-देणं. लांबलेल्या आजारानं जाणारं माणूसही कळत-नकळत थोडाफार चार्ज देऊनच जातं. अचानक जाणारं देत नाही. मग तिच्या वतीनं दुसरीच माणसं चार्ज लिहून देतात, आणि मागे राहिलेला त्या ओझ्याखाली अडकतो. इथे नेमकं तेच झालं.

प्रकरण नाशिकच्या सिडको भागातलं. कुणा एका घराची ओळख पटू नये म्हणून सारख्या परिस्थितीतल्या घरांचे तपशील यात मिसळले आहेत. नवरा 45 वर्षांचा, अंबड एमआयडीसीत मशीन शॉपचा सुपरवायझर. पत्नी 41, एका खासगी लॅबमध्ये हिशेब सांभाळायची. मुलगी 12, मुलगा 8. फ्लॅट दोघांच्या नावावर, हप्ता 21,000. तिचा पगार 24,000, म्हणजे हप्ता जवळजवळ तीच भरत होती. नवऱ्याची आई निफाड तालुक्यात गावी.

सकाळी 10:40 ला तिचा फोन आला. डोकं भयंकर ठणकतंय, असं कधी झालं नव्हतं. ते कारखान्यात कामाच्या लाइनवर होते, मागे मशीनचा आवाज. "गोळी घे, जरा पड. दुपारी बोलू." कॉल 48 सेकंदांचा. सव्वाअकराला ती लॅबच्या बाथरूममध्ये कोसळली. स्कॅनमध्ये मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव दिसला, रक्तवाहिनीचा फुगा फुटलेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हेंटिलेटरवरच ती गेली.

दहावा रामकुंडावर झाला. पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. अर्धा तास गेला. नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली, जीव मुलांत अडकलाय. एक एक जण पुढे येऊन शब्द देऊ लागला. शेवटी चुलत सासऱ्यांनी त्यांना पुढे ढकललं, "दाजी, तुम्ही बोला. सावत्र आई आणणार नाही म्हणा." ते हात जोडून म्हणाले. दहा मिनिटांनी कावळा आला. हा प्रसंग तेव्हा कुणी कुठे लिहून ठेवला नाही, पण पुढचं निम्मं प्रकरण त्याच्याभोवती फिरतं.

कागद

सगळ्यात आधी नावाचा घोळ. आधार आणि बँकेत सासरचं नाव, पण नोकरी लग्नाआधीची असल्यानं पीएफ खात्यावर माहेरचं. हॉस्पिटलनं मृत्यूची नोंद आधारप्रमाणे पाठवली. तीन महिन्यांनी पीएफचा दावा परत आला: सभासदाचं नाव आणि मृत्यू दाखल्यावरचं नाव जुळत नाही. त्यांनी दाखल्यावरचं नाव बदलायची धावपळ केली, ती चुकीच्या दिशेनं. दाखला बरोबर होता. दुरुस्ती पीएफच्या नोंदीत हवी होती: लॅबच्या मालकाच्या सहीचं जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे नोंद दुरुस्तीचा संयुक्त अर्ज, सोबत विवाह नोंदणीचा दाखला. त्यांच्याकडे लग्नपत्रिका होती, नोंदणी नव्हती. त्यात आणखी दोन महिने गेले.

या टप्प्यावर उपयोगी पडणाऱ्या गोष्टी एका दमात सांगायच्या तर: मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत विनाशुल्क होते. दाखल्याचा मजकूर अंतिम करण्याआधी स्पेलिंग आधारशी अक्षरन्‌अक्षर ताडून घ्यावं आणि दहा प्रती एकदमच घ्याव्यात. पीएफचे अर्ज तीन: शिल्लक रकमेसाठी 20 नंबर, पेन्शनसाठी 10-डी, विम्यासाठी 5-आयएफ. विम्याची रक्कम सात लाखांपर्यंत असू शकते. पेन्शन विधवेला मिळते तशी विधुरालाही मिळते, आणि दोन मुलांना पंचवीस वर्षांपर्यंत वेगळी. "बायकोची पेन्शन नवऱ्याला कुठे असते?" असं म्हणून हा अर्ज पाच महिने फाइलमध्ये पडून होता. लग्नाआधी आईच्या नावानं केलेलं पीएफचं नामनिर्देशन लग्नानंतर रद्द ठरतं, हेही दोन्ही घरांना माहीत नव्हतं. त्यावरून सासूबाई आणि जावई यांच्यात जो अबोला झाला तो फुकटचा होता.

गृहकर्जाचा विमा फक्त नवऱ्याच्या नावावर काढलेला. हप्ता जिच्या पगारातून जातो तिचा विमा नाही, ही चूक बऱ्याच घरांत सापडते, आणि ती मागाहून दुरुस्त करता येत नाही.

दागिन्यांबाबत सल्ला सोपा होता. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर नवरा आणि मुलं समान वाटेकरी. मुलं असताना माहेरचा वाटा येत नाही. पण कायदा सांगून भांडण मिटत नाही. वजनासह यादी, फोटो, दोन्ही घरांच्या सह्या, आणि सगळं परत लॉकरमध्ये. निर्णय नंतर.

तिच्या फोनचं मात्र नशीब बलवत्तर. पॅटर्न मुलीला माहीत होता. पहिल्या आठवड्यात नवऱ्यानं तिच्या यूपीआयवरून हप्त्यापुरते पैसे स्वतःच्या खात्यात वळवले. हे करू नये. मृत्यूनंतर खात्याला हात लावणं नियमबाह्य आहे आणि पुढे वारसांत संशय पेरतं. नामनिर्देशन असलेल्या खात्याचा दावा कागद पूर्ण असतील तर बँकेनं 15 दिवसांत निकाली काढायचा असतो, तेवढं थांबणं शक्य होतं. सिम मात्र लगेच बंद करायचं नाही. गॅस, वीजबिल, शाळेचा ग्रुप, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येत होते. रिचार्ज चालू ठेवून एकेक ठिकाणी नंबर बदलला. व्हॉट्सॲप 120 दिवस वापरलं नाही तर खातं काढून टाकलं जातं आणि ग्रुपमध्ये ते नाव "बाहेर पडलं" असं दिसतं. ते दिसण्याआधी तिचे आवाजी मेसेज वेगळे काढून ठेवले. एकूण 212. बहुतेक "येताना दही आणा" छापाचे.

घराचा चार्ज

पहिला महिना माणसांचा असतो. डबे येतात, कुणी ना कुणी रात्री थांबतं. तेराव्यानंतर आठवड्याभरात घर रिकामं होतं, आणि खरी सुरुवात तिथून होते. आई गावाहून आल्या, पण त्यांना गॅसच्या शेगडीपुढे उभं राहवत नव्हतं. कुणाचे गणवेश कधी धुवायचे, मुलाला कुठल्या औषधाचं पुरळ येतं, दूधवाल्याचा हिशेब कुठल्या वहीत, कामवालीची सुट्टी कधी. यातलं काहीच नवऱ्याला ठाऊक नव्हतं. रोज सकाळी सहा ते आठमध्ये चार-पाच वेळा "हे तिला विचारायला हवं" असं मनात यायचं आणि पुढच्या क्षणी आठवायचं. शोकाचा हा आघात अंत्यविधीच्या वेळचा नसतो, पोळीच्या डब्याच्या वेळचा असतो.

1999 मध्ये श्ट्रोबे आणि शुट या संशोधकांनी मांडलेली मांडणी इथे शोकाच्या पाच टप्प्यांच्या (नकारापासून स्वीकारापर्यंत) प्रसिद्ध यादीपेक्षा कामाची आहे. (ते पाच टप्पे 1969 मध्ये कुब्लर-रॉस यांनी मांडले ते स्वतः मरणाच्या वाटेवर असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांवर ते नंतर चिकटवले गेले, आणि "अजून स्वीकाराच्या टप्प्यावर आला नाही" असा नवाच ठपका तयार झाला.) दुहेरी प्रक्रियेच्या या मांडणीत माणूस दोन बाजूंमध्ये हेलकावे खातो: कधी गेलेल्याकडे, कधी पुढच्या संसाराकडे. हेलकावा हीच तब्येत. एका बाजूला अडकलं की बिघाड.

आपल्याकडे बाईला बहुधा पहिल्या बाजूला बसवून ठेवतात आणि पुरुषाला दुसऱ्या बाजूला हाकलतात. हे पंधराव्या दिवशी कामावर रुजू झाले. सगळ्यांनी कौतुक केलं, खंबीर आहे. ओव्हरटाइम घेतला. लॅब त्रिमूर्ती चौकाच्या बाजूला म्हणून रोजचा रस्ता बदलून चार किलोमीटरचा वळसा सुरू केला. तिचं कपाट उघडलं नाही. स्वयंपाकघरात काळ्या मसाल्याची बरणी होती, झाकणावर तिच्या अक्षरात स्केचपेननं महिना लिहिलेला, अर्धी भरलेली. ती त्यांनी वरच्या फळीवर मागे सरकवली आणि बाजारचं पाकीट आणलं. मुलीनं दोन दिवस जेवण टाकलं, कारण कुणाला कळलं नाही.

दुसऱ्या महिन्यापासून रात्री एक क्वार्टर. 180 मिली म्हणजे दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोलच्या मापानं सुमारे सहा एकक, रोज. झोप लागायची, पण पहाटे तीनला उघडायची. शेजाऱ्यानं स्वतःच्या चिठ्ठीवरची अल्प्राझोलाम या चिंता-झोपेच्या गोळीची पट्टी दिली. दारूवर ही गोळी घेतली तर श्वास मंदावू शकतो, हे देणाऱ्याला माहीत नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2013 च्या सूचनांत शोकातल्या माणसाला, दुसरा मानसिक आजार नसेल तर, या गटातल्या गोळ्या देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. दवाखान्याबाहेर मात्र तीच पट्टी सांत्वनासारखी हातोहात फिरते.

मुलांकडे. धाकट्याला "आई देवाघरी गेली" असं सांगितलेलं. तो दर रविवारी विचारायचा, कधी येणार. दर सोमवारी पोटात दुखायचं. आठ वर्षांच्या मुलाला साधी वाक्यं कळतात: डोक्यातली नळी फुटली, डॉक्टरांनी प्रयत्न केले, शरीर बंद पडलं, ती परत येणार नाही. त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "पप्पा, तुम्ही पण?" त्यावर "मला काही होणार नाही" हे खोटं आश्वासन. "मी तब्येत तपासून घेतली आहे. मला काही झालंच तर मावशी तुमच्याजवळ असेल, आमचं तसं ठरलंय" हे उत्तर टिकतं, कारण ते खरं करता येतं.

मुलीनं न सांगता आईची जागा घेतली. भावाचा डबा, आजीच्या गोळ्या. चौथ्या महिन्यात तिला पहिली पाळी आली, शाळेत. तिनं दिवसभर स्वेटर कमरेला बांधला आणि घरी येऊन दार लावून घेतलं. वडिलांनी मेहुणीला फोन लावला, मेहुणी सिन्नरला, पोचायला दीड तास. तो दीड तास ते दाराबाहेर बसून होते. आत काय बोलायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगायचं फार नसतं: "हे नॉर्मल आहे, पॅड कपाटात खालच्या खणात आहेत, पोट दुखत असेल तर सांग, मावशी निघाली आहे." पण त्यासाठी पॅड आधीच खणात असावे लागतात. मुलगी दहा-अकराची असेल तर पहिल्या महिन्याच्या यादीत हे घालावं.

सातव्या महिन्यात

ड्रिलखाली त्यांचा हात जाता जाता वाचला. कंपनीच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, 160/100. वजन आठ किलो उतरलेलं. तिथून मानसोपचाराकडे.

पहिल्या भेटीत दोन प्रश्नावल्या. नैराश्याच्या पीएचक्यू-9 वर 27 पैकी 14. दीर्घकालीन शोकाच्या पीजी-13-आर वर 38. त्यात 10 ते 50 गुण असतात आणि 30 किंवा जास्त असले तर लक्ष द्यावं लागतं. दीर्घकालीन शोकविकार हे निदान जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीप्रमाणे किमान सहा महिन्यांनी करता येतं, डीएसएम या मानसिक आजारांच्या अमेरिकी पुस्तिकेप्रमाणे प्रौढांसाठी बारा महिन्यांनी. इथे शिक्का मारण्याची घाई केली नाही. "मरून जावं असं वाटतं का?" हे सरळ विचारलं. "वाटतं. पण पोरं आहेत." काही ठरवलंय का, साधन जवळ आहे का, हेही विचारलं. ठरवलेलं नव्हतं. तरी गावच्या घरातली फवारणीची औषधं आईनं भावकीत हलवली, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा चोवीस तासांचा नंबर मेहुणीच्या आणि त्यांच्या फोनमध्ये घातला. असा प्रश्न विचारल्यानं कल्पना डोक्यात घातली जाते ही भीती निराधार आहे.

पाच महिने रोज चालू असलेली दारू एका दिवसात तोडली तर हातथरथर, क्वचित फिट येऊ शकते. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली बारा दिवसांत उतरवत बंद केली. नैराश्याचं औषध सुरू झालं. त्यानं उदासी हलली, झोप सुधारली. तिची ओढ आणि त्या फोनची टोचणी जागची हलली नाही. हे अपेक्षितच होतं. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीतही औषधानं शोकाची तीव्रता फारशी उतरली नव्हती, शोकासाठीच्या खास उपचारानं उतरली होती.

तो उपचार सोळा बैठकांचा. इथे चौदा झाल्या. रोज संध्याकाळी वहीत एकच आकडा, आजचा शोक शून्य ते दहात किती, आणि सर्वांत वर कधी गेला. तीन आठवड्यांत दिसलं की वरचे आकडे रविवारचे नाहीत, मंगळवारचे आहेत. मंगळवारी तिचा उपास, ती साबुदाणा भिजवून झोपायची.

मग त्या दिवसाचं कथन. डोळे मिटून, वर्तमानकाळात, 10:40 पासून हॉस्पिटलच्या दारापर्यंत. पंधरा मिनिटं, रेकॉर्ड केलेली. पहिल्यांदा अस्वस्थता शंभरात 95. घरी रोज एकदा ऐकायचं. इथे चूक झाली: वेळ ठरवून दिली नव्हती. ते रात्री साडेअकराला, एकटे, अंधारात ऐकत राहिले आणि चार दिवस कामावर गेले नाहीत. मग नियम बदलला. सायंकाळी सहाला, मुलं क्लासला असताना, आणि लगेच मित्रासोबत वीस मिनिटं चालणं. पाचव्या आठवड्यात आकडा 40 वर आला.

"तुमची काही चूक नाही" हे वाक्य त्यांना दोनशे जणांनी ऐकवलं होतं. त्याचा उपयोग शून्य, कारण ते हिशेबाशिवाय येतं. म्हणून हिशेब मांडला. न्यूरोसर्जनसोबत अर्धा तास मागून घेतला. प्रश्न आधी लिहून नेले: 10:40 ला मी निघालो असतो तर? उत्तर मिळालं की कारखान्यापासून लॅबपर्यंत पंचवीस मिनिटं, तिथून हॉस्पिटल; रक्तस्राव मोठा होता; अचानक, आयुष्यातली सर्वांत तीव्र डोकेदुखी ही धोक्याची खूण आहे, पण ती अर्धशिशी समजण्याची गफलत दवाखान्यातही होते. मग कागदावर वर्तुळ काढून जबाबदारीचे वाटे. रक्तवाहिनीचा कच्चेपणा, तिनं तीन वर्षं न तपासलेला रक्तदाब, ही लक्षणं कुणीच न शिकवणं. शेवटी त्यांनी स्वतःच्या नावावर एक फाक ठेवली, दहा टक्के. ती पुसायला लावली नाही. दहा टक्के माणसाला उचलता येतात.

टाळलेल्या जागांची शिडी केली. आधी त्रिमूर्ती चौकातून दुचाकीवर नुसतं जाणं, मग थांबून चहा, मग लॅबच्या पायऱ्या, मग कपाट. कपाटाला तीन बैठका लागल्या. साड्या वाटून टाकायची घाई आईंना होती. मुलीला विचारल्याशिवाय एकही द्यायची नाही असं ठरलं. तिनं सहा ठेवल्या आणि एक घरातली, विटलेली, गाऊनसारखी पांघरायला घेतली.

रामकुंडावरचा शब्द

दहाव्या महिन्यात वेगळंच दुखणं वर आलं. आई आणि चुलते स्थळं आणू लागले. "वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं." दुसऱ्या बाजूला माहेरचे, ज्यांच्यासमोर शब्द दिलेला. ते कुणालाच उत्तर देईनात आणि पुन्हा वळसा घालून कामावर जाऊ लागले.

बैठकीत पहिल्यांदा कावळ्याची गोष्ट निघाली. ते म्हणाले, शब्द मोडायचा प्रश्नच नाही, पण तो मी तिला दिला की लोकांना, तेच समजत नाही. उपचारात काल्पनिक संवादाचा एक भाग असतो: रिकाम्या खुर्चीशी बोलायचं आणि तिच्या वतीनं उत्तर द्यायचं. ऐकायला नाटकी वाटतं. ते सुरुवातीला उठून गेले. पुढच्या वेळी बसले. तिच्या वतीनं बोलताना जे आलं ते असं: "लग्नाचं मी कुठे काय म्हटलं होतं? पोरीच्या वेण्या घट्ट बांधत जा, सुटतात."

श्रद्धेवर इथे बोट ठेवायचं नव्हतं. विधीनं त्या दिवशी चारशे माणसांना एकत्र उभं केलं, ते काम मोठं आहे. चूक होती ती शोकाच्या दहाव्या दिवशी, सर्वांसमोर, आयुष्यभराचा निर्णय वदवून घेण्यात. वर्षश्राद्धाला ते मेहुणीला घेऊन रामकुंडावर गेले आणि शब्द आपल्या भाषेत पुन्हा दिला: मुलांच्या वाट्याला कमी पडू देणार नाही. लग्नाबद्दल काही नाही, ना हो ना नाही. चुलत्यांना सांगितलं, आत्ता विषय नको. फ्लॅट विकून गावी जायचा बेतही याच कारणानं पुढे ढकलला; पहिल्या वर्षातले असे बेत बहुधा त्या घराच्या भिंतींपासून पळण्याचे असतात.

अठराव्या महिन्यात पीजी-13-आर 22, पीएचक्यू-9 वर 5. औषध उतरवायला घेतलं. मंगळवारचा आकडा अजून सहाच्या आसपास असतो. पीएफची सगळी रक्कम आली, पेन्शन लागली. मुलाची पोटदुखी थांबली, पण पप्पांना यायला दहा मिनिटं उशीर झाला तर तो गॅलरीत जाऊन उभा राहतो.

फळीवर मागे सरकवलेली बरणी परत वापरात आली होती; मे महिन्यात तो जुना काळा मसाला संपत आला. लॅबच्या कॅलेंडरच्या मागे तिच्या अक्षरातली यादी सापडली: मिरची दीड किलो, धणे एक किलो, दगडफूल पन्नास ग्रॅम, लवंग, मिरे, तमालपत्र. कांदा आणि खोबऱ्यापुढे फक्त "अंदाजे". मावशीचा अंदाज एक किलो, मुलीचा अर्धा. मुलीचा घेतला. डंकावरून कुटून आणला तर तिखटजाळ झाला. तळाशी उरलेला जुना वाटीभर त्यात मिसळला, आणि झाकणावर नवा महिना मुलीनं लिहिला.